कसणे वेगळे, रोखणे वेगळे

कारखान्यात एखादे बेअरिंग अवेळी गेले की ब्रेकडाउनच्या वहीत नोंद होते ती बेअरिंगची. नंबर, कंपनी, किती तास चालले, कोणी बसवले. स्टोअरमधून नवे बेअरिंग निघते, जुने भंगारात जाते आणि मशीन सुरू होते. ज्या नटाने ते बेअरिंग शाफ्टवर धरून ठेवायचे होते, त्याचा त्या नोंदीत उल्लेखही नसतो. तो नट पुसून, फार तर ठेचलेल्या कडा कानशीने सारख्या करून, नव्या बेअरिंगवर पुन्हा चढवला जातो. त्याखालचा वायसर तर हमखास जुनाच. काही दिवसांनी तीच नोंद वहीत पुन्हा होते आणि या खेपेला बोल लागतो बेअरिंगच्या कंपनीला.

ही पुस्तिका त्या नोंद न झालेल्या नटाबद्दल आहे. हस्तलिखित हाती आले तेव्हा, खरे सांगायचे तर, एका नटावर आख्खी पुस्तिका कशाला, असेच वाटले होते. पण देखभालीच्या खात्यात उमेदवारी करणाऱ्या मुलाला चेकनट कसा आवळायचा हे कोणी शिकवत नाही. ते त्याला येतेच असे धरून चालतात. आयटीआयच्या अभ्यासक्रमात बेअरिंगचे प्रकार पाठ करून घेतले जातात आणि नटाच्या वाट्याला एखादी आकृती येते. पुढे जे काही शिकायचे ते उस्तादाच्या हाताकडे बघून. उस्तादाचा हात चांगला असेल तर ठीक, पण छिन्नी-हातोडीने नट फिरवण्याची सवयही अशीच हातोहात पुढे गेली आहे.

आधी वस्तू नीट पाहू. बेअरिंगचा हा चेकनट, म्हणजेच लॉकनट, नेहमीच्या सहा कोनी नटासारखा नसतो. ते एक रुंद, पातळ कडे असते. आतून बारीक आटे आणि बाहेरच्या घेरावर साधारणपणे चार चौकोनी खाचा. युरोपीय कॅटलॉगमध्ये त्याला केएम म्हणतात, जपानी कॅटलॉगमध्ये एएन. क्रमांकाची रीत सोपी आहे. केएम ४ पासून पुढे आकड्याला पाचाने गुणले की आट्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. केएम ८ म्हणजे ४० मिलिमीटर, केएम १८ म्हणजे ९०. आटे किती बारीक? नेहमीच्या ३६ मिलिमीटरच्या बोल्टचा पिच ४ मिलिमीटर असतो. ४० मिलिमीटरच्या या नटाचा १.५ आणि ९० मिलिमीटरच्या नटाचा अवघा २. बेअरिंगच्या बाबतीत काम मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत चालते, म्हणून नट एक फेरा फिरला तरी तो फार पुढे सरकू नये अशी ही योजना आहे.

त्याच्या जोडीला असतो एमबी क्रमांकाचा वायसर. आतल्या बाजूने त्याला एक जीभ असते, ती शाफ्टवर कापलेल्या खाचेत बसते. बाहेरच्या घेराला बरेच कान असतात. नट कसून झाला की त्यातला एक कान नटाच्या खाचेत वाकवायचा. या कानांची संख्या विषम असते आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. नटाला चार खाचा आणि वायसरला तेरा कान असतील, तर एका पूर्ण फेऱ्यात ५२ जागी कान आणि खाच समोरासमोर येतात, म्हणजे सुमारे दर ७ अंशांवर. कान बारा असते तर एका वेळी चार-चार जोड्या जुळल्या असत्या, पण जुळण्याच्या जागा बाराच राहिल्या असत्या, दर ३० अंशांवर एक. पत्र्याच्या एका चकतीत इतका विचार केलेला आहे आणि आपण ती जुनी म्हणून ठोकून सपाट करून पुन्हा वापरतो.

आता मूळ प्रश्न. बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेले असते, मग नट लागतोच कशाला? आणि एकदा आवळलेला नट सुटतो का? दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण तिथे बहुतेकांची समजूत अपुरी असते. ९० मिलिमीटरच्या, २ पिचच्या आट्यांचा चढ अर्ध्या अंशाहूनही कमी असतो. पोलादावर पोलाद, मधे तेलाचा ओलावा, अशा स्थितीत घर्षणाचा कोन सहा-सात अंशांच्या आसपास येतो. या हिशेबाने नट आपोआप उलटा फिरण्याचे काही कारण नाही. शाफ्टच्या दिशेने कितीही ओढा, तो फिरणार नाही. तरीही नट सुटतात. याचा नीट उलगडा गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून झाला. भार नटाच्या अक्षाला आडवा लागून जोड बारीक बारीक सरकू लागला, की आट्यांमधले आणि नटाच्या तोंडाजवळचे घर्षण त्या आडव्या सरकण्यातच खर्ची पडते. मग फिरण्याच्या दिशेला अडवायला घर्षण उरतच नाही आणि तो अर्ध्या अंशाचा चढही नटाला उतरवायला पुरतो. थोडक्यात, नुसत्या थरथरण्याने नट सुटत नाही. तो सुटतो सांध्यात घसरण होत असेल तर.

बेअरिंगच्या सांध्यात ही घसरण कुठून येते, हे पुस्तिकेतले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे असे मला वाटते. शाफ्ट फिरतो आहे, भार एकाच दिशेने खाली लागतो आहे आणि बेअरिंगचे आतले कडे शाफ्टवर जरा सैल आहे, असे समजा. शाफ्ट ९० मिलिमीटर आणि कड्याचे भोक ९०.०५. कड्याचा आतला घेर शाफ्टच्या घेरापेक्षा ०.१५७ मिलिमीटरने मोठा झाला. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात कडे तेवढे मागे पडते. मिनिटाला १००० फेरे असतील तर मिनिटाला १५७ मिलिमीटर, म्हणजे दोन मिनिटांच्या आत कडे शाफ्टवर एक आख्खा फेरा मागे सरकलेले असते. दिवसभरात किती, याचा हिशेब वाचकाने करावा. या सरकण्याने शाफ्ट झिजतो आणि तांबूस भुकटी बाहेर पडू लागते. फिटर ती बघून ‘बेअरिंग फिरलंय’ म्हणतो आणि उपाय म्हणून चेकनट आणखी आवळतो.

हा उपाय चुकीचा आहे. कड्याला बाजूने कितीही दाबले तरी सैल बसलेल्या कड्याचे सरकणे थांबत नाही. फिट सैल असेल तर शाफ्ट भरून पुन्हा ग्राइंड करायचा किंवा बदलायचा. नटाचे काम बेअरिंगला शाफ्टच्या लांबीच्या दिशेने जागेवर ठेवण्याचे आहे. गोल फिरण्यापासून रोखणे हे फिटचे काम. वायसरच्या त्या आतल्या जिभेचा अर्थही इथेच उलगडतो. मागे पडणारे कडे नटाच्या तोंडाला घासत राहिले असते तर नटाला आपल्याबरोबर ओढत राहिले असते. शाफ्टच्या फिरण्याची दिशा जशी असेल तसा नट एक तर आवळत गेला असता किंवा सुटत गेला असता. मधे वायसर आहे आणि त्याची जीभ शाफ्टच्या खाचेत अडकलेली आहे, म्हणून ती ओढ वायसरवर थांबते. ग्राइंडरच्या डाव्या टोकाला डावे आटे असतात, सायकलच्या डाव्या पॅडलला डावे आटे असतात, त्यामागेही अशीच ओढ आहे. जिथे आट्यांची दिशा बदलून काम भागते तिथे ती बदलली, जिथे भागत नाही तिथे वायसरला जीभ दिली.

आता किती आवळायचे? या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण दिसायला सारखाच असलेला हा नट तीन अगदी वेगळी कामे करतो.

पहिले काम सर्वांत सोपे. बेअरिंगचे भोक सरळ आहे, शाफ्टला पायरी आहे, बेअरिंग त्या पायरीला टेकवून मागून नट लावायचा. इथे नट घट्ट हवा, त्यात फारसा नाजूकपणा नाही. एकच गोष्ट विसरली जाते. बेअरिंग तापवून चढवले असेल तर ते थंड होताना रुंदीतही आकसते. ४० मिलिमीटर रुंदीचे बेअरिंग ८० अंशांनी निवले की जवळजवळ ०.०४ मिलिमीटरने अरुंद होते आणि तेवढी फट पायरीशी किंवा नटाशी पडते. म्हणून गरम असताना नट लावायचा आणि हाताला सोसेल इतके निवले की पुन्हा आवळायचा. जेवणाच्या सुट्टीपूर्वी बेअरिंग चढवून, सुट्टीनंतर थेट झाकण बसवणारे महाभाग प्रत्येक कारखान्यात असतात.

दुसरे काम मात्र नाजूक आहे आणि महाराष्ट्रात सर्वांत जास्त चुका इथेच होताना मी पाहिल्या आहेत. ते म्हणजे निमुळत्या भोकाचे बेअरिंग स्लीव्हवर चढवण्याचे. साखर कारखान्यातले कन्व्हेयर, फाउंड्रीतले ब्लोअर, गिरण्यांचे लांब शाफ्ट, जिथे जिथे प्लमर ब्लॉक दिसतो तिथे बहुधा आत हीच रचना असते. शाफ्ट सरळसोट असतो, त्याला पायरी नाही, खाच नाही, आटे नाहीत. त्यावर एक चिरलेली स्लीव्ह, बाहेरून १ : १२ निमुळती. तिच्यावर बेअरिंग. स्लीव्हच्या टोकाला आटे आणि त्यावर नट. नट आवळला की बेअरिंग चढावर सरकते, स्लीव्ह शाफ्टला आवळते आणि बेअरिंगचे आतले कडे बाहेरच्या दिशेने ताणले जाते.

या रचनेच्या मुळाशी एक कापडगिरणी आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात स्वेन विंगक्विस्ट हा अभियंता एका कापडगिरणीत यंत्रांच्या देखभालीचे काम बघत असे. गिरणीची जमीन चिकणमातीची. इमारत खचे, छताखालून गेलेले लांब शाफ्ट वाकडे होत आणि त्यावरची बेअरिंगे वारंवार जात. शाफ्ट वाकडा झाला तरी त्याबरोबर स्वतःला वळवून घेणारे, दोन रांगांच्या गोळ्यांचे बेअरिंग त्याने तयार केले आणि १९०७ मध्ये एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. त्याच कंपनीत आर्विड पाल्मग्रेनने १९१९ मध्ये गोळ्यांऐवजी पिंपाच्या आकाराचे रोलर घालून तीच कल्पना जड भारासाठी वापरली. चिंचवडला या कंपनीचा कारखाना १९६० च्या दशकात आला. पण प्लमर ब्लॉकमधली तिची बेअरिंगे त्याच्याही आधीपासून आपल्याकडच्या गिरण्यांत फिरत होती. देखभालीच्या माणसाने स्वतःच्या डोकेदुखीतून काढलेली ही वस्तू आहे आणि ती बसवणाऱ्याकडून ती देखभालीच्या माणसाचीच बुद्धी मागते.

उदाहरण घेऊ २२२१८ के या बेअरिंगचे. भोक ९० मिलिमीटर, स्लीव्ह एच ३१८, शाफ्ट ८० मिलिमीटर, नट केएम १८. बेअरिंग खोक्यातून बाहेर काढले तेव्हा त्याच्या रोलर आणि कड्यांमधली मोकळीक ०.०८० ते ०.११० मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमकी किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. बेअरिंग टेबलावर उभे करायचे, दोन-चार वेळा फिरवायचे म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, आणि सर्वांत वरच्या रोलरवरून फीलर गेजचे पाते घालून पाहायचे. दोन्ही रांगांवर. समजा ०.०९० भरले. रूढ कोष्टकाप्रमाणे या मापाच्या बेअरिंगमध्ये नट आवळून ही मोकळीक ०.०४५ ते ०.०६० ने कमी करायची असते आणि शेवटी किमान ०.०३५ तरी उरली पाहिजे. म्हणजे ०.०५० ने कमी केली तर ०.०४० उरते, ठीक.

हे किती फिरवण्याने होते? कोष्टक सांगते, बेअरिंग स्लीव्हवर ०.७० ते ०.९० मिलिमीटर चढले पाहिजे. नटाचा पिच २ मिलिमीटर. म्हणजे स्लीव्ह शाफ्टला आणि बेअरिंग स्लीव्हला नीट लागल्यापासून मोजले तर सव्वाशे ते एकशे साठ अंश. अर्धा फेरासुद्धा नाही! हे एकदा आकड्यांत बघितले की ‘हाताला घट्ट लागेपर्यंत आवळ आणि वर चार ठोके दे’ या सूचनेतला धोका दिसतो. चार ठोके जास्त पडले तर मोकळीक संपते. मशीन थंड असताना बेअरिंग हाताने फिरतेही, कोणाला काही कळत नाही. चालू झाल्यावर आतले कडे बाहेरच्यापेक्षा जास्त तापते, फुगते, उरलीसुरली मोकळीक खाते आणि तासा-दोन तासांत ब्लॉकला हात लावता येत नाही. ठोके कमी पडले तर स्लीव्ह शाफ्टवर घसरते आणि दोन्ही जातात.

नट आवळताना मोकळीक पुन्हा पुन्हा मोजायची. आता बेअरिंग शाफ्टवर लटकलेले आहे, बाहेरचे कडे खाली लोंबते आहे, म्हणून फट वर नसते, खाली असते. पाते खालून घालायचे. हा बदल लक्षात न आल्यामुळे वरून पाते घालून ‘मोकळीक शून्य झाली’ म्हणून हात थांबवणारे फिटर मी पाहिले आहेत. शाफ्ट आणि स्लीव्हचे आतले अंग कोरडे पुसून घ्यायचे, कारण शाफ्टवरची सगळी पकड घर्षणाचीच आहे.

गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये पाते जात नाही. तिथे कसोटी हाताची. बाहेरचे कडे फिरवले तर मोकळे फिरावे, पण तिरके वळवायला गेले तर किंचित अडल्यासारखे लागावे. लेखकाने याचे वर्णन दोन ओळींत उरकले आहे. तिथे ते थोडे रेंगाळले असते तर बरे झाले असते, कारण ही जाणीव हाताला एकदाच शिकवावी लागते आणि मग जन्मभर पुरते.

तिसरे काम बेअरिंगचा खेळ किंवा ताण जुळवण्याचे. याची दोन टोके आहेत. एका टोकाला उसाची ट्रॉली. हेन्री टिमकेन या बग्गी बनवणाऱ्या कारागिराने १८९८ मध्ये निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले, तेव्हापासून चाकाच्या हबमध्ये दोन बेअरिंगे एकमेकांसमोर ठेवून बाहेरून एका नटाने खेळ जुळवण्याची पद्धत चालत आली आहे. ट्रकच्या हबमध्ये हा खेळ साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर ठेवायचा असतो. आता आपल्याकडच्या कितीतरी ट्रॉलींच्या अ‍ॅक्सलवर काय असते ते पाहा. सहा खाचांचा कॅसल नट, १.५ पिच, अ‍ॅक्सलला आरपार एक भोक आणि त्यात स्प्लिट पिन. खाच भोकासमोर येते दर ६० अंशांनी. ६० अंशांत नट ०.२५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे ज्या नटाने ०.१२५ च्या आतला खेळ ठेवायचा, त्याची सर्वांत लहान पायरीच त्याच्या दुप्पट आहे! फिटरला एक तर जास्त सैल ठेवावे लागते किंवा जास्त घट्ट. बहुतेक जण पिन घालता यावी म्हणून नट पुढच्या खाचेपर्यंत आवळतात आणि गळीत हंगामाच्या मध्यावर, रात्री, भरलेली ट्रॉली रस्त्यात हब धरून बसते. अ‍ॅक्सलला काटकोनात दुसरे भोक पाडले तर पायरी ३० अंशांवर येते, ०.१२५ वर. आणि कॅसल नटाऐवजी मघाचा तेरा कानांचा वायसर असता तर हीच पायरी ०.०३ च्याही आत आली असती. रोखण्याची पायरी कसण्याच्या गरजेपेक्षा लहान असली पाहिजे, हे या पुस्तिकेचे मध्यवर्ती सूत्र मी मानतो. लेखकाने ते तिसऱ्या प्रकरणात जाता जाता सांगितले आहे. ते पहिल्या पानावर हवे होते.

रोखताना कसणे बदलते, हे सायकलवाल्यांना केव्हाच ठाऊक आहे. चाकाचा कोन जुळवताना ते मुद्दाम किंचित खेळ ठेवतात, कारण वरून चेकनट आवळला की कोन थोडा आत दाबला जाणार आणि तो खेळ नाहीसा होणार, हे त्यांच्या बोटांना माहीत असते.

दुसऱ्या टोकाला आहे सीएनसी मशीनचा स्पिंडल. इथे खेळ नकोच, उलट बेअरिंगांवर मोजून मापून ताण द्यायचा असतो. शाफ्टला खाच कापणेही परवडत नाही, कारण ती वेगात असमतोल आणते आणि आट्यांपाशीच शाफ्टला कमजोर करते. म्हणून इथले नट वायसरशिवायचे. त्यांच्या अंगात तीन ठिकाणी, समान अंतरावर, तिरक्या पिना बसवलेल्या असतात. पिनेच्या टोकावर नटाबरोबरच कापलेले आटे असतात आणि पिनेचा तिरकेपणा आट्यांच्या बाजूच्या उताराइतकाच ठेवलेला असतो. बाहेरून छोटा स्क्रू आवळला की पिन शाफ्टच्या आट्यांवर दाबली जाते. बेअरिंगचा भार मात्र पिनेवर येत नाही, तो नटाच्या मूळ आट्यांवरच राहतो. अशा नटाचे तोंड आट्यांशी काटकोनात ०.००५ मिलिमीटरच्या आत असते. इतका आग्रह कशासाठी? तोंड तिरके असेल तर नट बेअरिंगला एका बाजूने जास्त दाबतो, शाफ्ट केसभर वाकतो आणि ग्राइंडिंगच्या कामावर लाटा उमटतात. तीन पिना कमी-जास्त आवळून उरलेला तिरकेपणाही काढता येतो. डायल लावून हे काम करताना चांगल्या फिटरला पाहणे हा आनंद आहे. स्पिंडलच्या बाबतीत पुस्तिका थोडक्यात आटोपते आणि ते योग्यच आहे. ज्याने स्लीव्हवरचे बेअरिंग मोजून बसवलेले नाही, त्याने स्पिंडलला हात लावू नये.

रोखण्याबद्दल आता थोडे. वायसरचा कान नटाला उलटे फिरू देत नाही, एवढेच त्याचे काम. नटातला ताण टिकवणे त्याच्या हातात नाही. आटे थोडे बसले, रंगाचा किंवा घाणीचा थर चिरडला गेला, तर नट तसूभरही न फिरता सैल पडतो आणि कान मात्र दिमाखात खाचेत उभा असतो. म्हणून तोंडे स्वच्छ हवीत, पायरीवर रंग नको. कान खाचेसमोर येत नसेल तर नट पुढे घ्यायचा, मागे कधीच नाही. वायसर उलटा बसवला तर त्याचे कान बेअरिंगच्या पिंजऱ्याला घासतात. ते नेहमी बेअरिंगपासून दूर झुकलेले असावेत. मोडलेला कान पुन्हा वाकवायचा नाही. छिन्नीने नट आवळला की खाचेची कड फाटते, कपचा उडतो आणि तो जातो कुठे, तर उघड्या बेअरिंगमध्ये. हूक पाना काही सोन्याचा येत नाही.

दोन पद्धतींबद्दल लेखकाने सौम्य भाषा वापरली आहे, मी वापरणार नाही. नट सुटतो म्हणून त्याला शाफ्टवर वेल्डिंगचा टाका मारणे आणि आट्यांवर पंच मारून ते ठेचणे. टाका मारताना अर्थिंगचा चिमटा दुसरीकडे असेल तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरच्या वाटेवर भाजल्याचे खड्डे पडतात. पुढच्या वेळी बेअरिंग काढायचे तर शाफ्ट कापावा लागतो, ते वेगळेच. पंच मारलेला नट निघताना शाफ्टचे आटे घेऊन निघतो. या दोन्ही पद्धती कामचुकारपणाच्या आहेत आणि पर्यवेक्षकाने त्या दिसताक्षणी थांबवल्या पाहिजेत. आटे चिकटवणाऱ्या द्रवाबद्दल मात्र माझे मत चांगले आहे. अट एवढीच, की आटे तेलविरहित असावेत आणि थेंब बेअरिंगमध्ये जाता कामा नये.

एका मुद्द्यावर लेखकाचे आणि माझे जमत नाही. स्लीव्हवरच्या नटासाठी त्यांनी टॉर्कचे आकडे दिले आहेत. आटे कोरडे आहेत, तेल लावलेले आहेत की ग्रीस, स्लीव्ह नवी आहे की वापरलेली, यावर त्याच टॉर्कला बेअरिंग कधी कमी चढते कधी जास्त. पायरीला टेकलेल्या बेअरिंगसाठी टॉर्क ठीक, स्पिंडलसाठी तर आवश्यक; पण निमुळत्या भोकासाठी मोजायची ती मोकळीक किंवा सरकलेले अंतर. मोठ्या बेअरिंगना हायड्रॉलिक नट वापरतात तेव्हाही शेवटचा निवाडा डायलवर सरकण्याचाच होतो. लेखकाचे म्हणणे असे, की फीलर गेज हातात घेण्यापेक्षा टॉर्क पाना हातात घ्यायला माणसे लवकर तयार होतात आणि काहीच न मोजण्यापेक्षा काहीतरी मोजणे बरे. त्यांचा अनुभव मोठा आहे. आकडे पुस्तिकेत राहिले आहेत, आणि माझा आक्षेपही इथे राहू द्यावा असे त्यांनीच सुचवले.

मराठीत अशा विषयावर लिहिताना भाषा एक तर सरकारी होते किंवा कॅटलॉगचे भाषांतर वाटते. या लेखकाने फिटर बोलतो तसे लिहिले आहे. आकृत्या हाताने काढलेल्या आहेत, त्यांत माप चुकलेले नाही आणि प्रत्येक आकृतीत पाना कोणत्या बाजूने धरायचा ते दाखवले आहे, जे छापील कॅटलॉगमध्ये सहसा सापडत नाही.

वाचकाला दोन विनंत्या. या पुस्तिकेतली कोष्टके सर्वसाधारण आहेत; तुमच्या मशीनच्या किंवा बेअरिंगच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. आणि साखर कारखान्यात बॉयलरच्या अग्निप्रदीपनापूर्वीच्या दुरुस्तीसाठी स्टोअरला मागणी लिहाल तेव्हा बेअरिंगच्या ओळीखाली वायसरचीही ओळ लिहा. बेअरिंग २२२१८ के असेल तर वायसर एमबी १८, आणि एकाऐवजी दोन मागवा.